गॅरेजचं दार कोण उघडतं?

ही गोष्ट खरी आहे. आधीच सांगून ठेवतो, कारण अर्ध्यावर तुम्हाला हसू येईल.

हसा. मलाही यायचं.

हल्ली येत नाही.

अमावस्या नव्हती. वादळ नव्हतं. कुत्रंबित्रं काही रडत नव्हतं. साधी गुरुवारची संध्याकाळ, ऑफिसं सुटायची वेळ. उतारावरच्या गल्लीतलं शेवटचं घर आमचं. खाली गॅरेज, त्याच्यावर आईची खोली, आणि तिच्या खोलीतून थेट गॅरेजमध्ये उतरणारा अरुंद जिना.

पण त्या गुरुवारपर्यंत पोचायच्या आधी दाराबद्दल सांगायला हवं.

बाबा होते तोवर गॅरेज उघडायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. बाबाच मशीन होते. गाडी वळणावर आली की त्यांना वरूनच कळायचं. खाली येऊन ते दार वर सरकवायचे, चौकटीला पाठ लावून उभे राहायचे आणि हात हलवत सुरू...

"येऊ दे... येऊ दे... येऊ दे... बास!"

'बास' म्हटलं की बॉनेटवर दोन थापा.

आमचं गॅरेज एवढं ऐसपैस की आंधळ्यानेही गाडी लावावी. पण बाबांच्या 'बास'शिवाय कोणी इंजिन बंद करायचं नाही, असा कायदाच होता. त्यांना न्यायला अँब्युलन्स आली तेव्हा स्ट्रेचरवरून हात हलवत त्यांनीच ती मागे घेतली. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, पडून राहा हो." बाबा म्हणाले, "डावीकडे कुंडी आहे."

ती त्यांची शेवटची गाडी.

ते गेल्यावर नवीनच काळजी सुरू झाली. संध्याकाळी माझी गाडी वळणावर आली की आई तो जिना उतरून खाली यायची. मी पोचेपर्यंत दार उघडलेलं. आई कडेला उभी, पदराला हात पुसत.

"आई, कशाला उतरतेस? पाय घसरला तर? दार मी उघडीन की."

"मी कुठे उघडते? हे उघडतात. मी आपली सोबतीला उभी राहते."

मी आणि बायकोने एकमेकांकडे पाहिलं. मी ते मान हलवून सोडून दिलं असतं. पण घरात ताईचा फोन यायची वेळ होती, आणि आईने हेच ताईलाही आनंदाने सांगितलं.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. निर्णय आधी घेते, कारणं नंतर शोधते. तिने एक वृद्धनिवास बघून ठेवलं होतं. त्याचं ब्रोशर तिच्या पर्समध्येच असायचं. त्यातले सगळे म्हातारे असे हसत होते की मला पहिल्यापासून संशय होता.

"बारक्या, आईचं डोकं फिरायला लागलंय. एकदा त्या जिन्यावरून गडगडली की मग रडत बसशील. आधी त्या दाराला मशीन लाव. आणि त्यानंतरही ती 'हे आले, हे उघडतात' म्हणाली, तर मी तिला घेऊन जाणार. ठरलं."

म्हणजे मशीन नीट चाललं तर आई घरात. नाहीतर ब्रोशरमध्ये.

आम्ही दुकानात गेलो. दारवाला बोलका माणूस. एवढा बोलका, की मधे श्वास कधी घेतो ते कळेना. साखळीचं मशीन, पट्ट्याचं मशीन, भिंतीवर बसणारं मशीन. पट्ट्याचं म्हणे अजिबात आवाज करत नाही.

"दादा, दार कधी उघडलं, तुम्हाला पत्ता लागणार नाही!"

"मला पत्ता लागायलाच हवा," मी म्हटलं. "साखळीचंच द्या. सगळ्यात जास्त खडखडणारं."

बायको कुजबुजली, "अरे, लोक चांगलं मशीन घेतात."

"लोकांच्या घरी दार आपोआप उघडत नाही."

"म्हणून तर विकत घेतोय ना आपण!"

तिचंही बरोबर होतं.

दारवाल्याने येऊन आधी दार हाताने वर-खाली करून पाहिलं. एका बोटाने.

"वा! लोण्यासारखं आहे. दाराला काही करायला नको."

मग मशीन बसलं. दाराच्या पायथ्याशी दोन्ही बाजूंना त्याने छोटे सेन्सर लावले. "हे डोळे. मधून किरण जातो, आपल्याला दिसत नाही. कोणी मधे उभं असेल तर दार खाली येणार नाही. मांजरसुद्धा चिरडणार नाही, दादा!"

बटण दाबलं. दार खडखडत वर गेलं. पुन्हा दाबलं. दार अर्ध्यापर्यंत आलं...

थांबलं.

आणि परत वर गेलं.

त्याने रुमालाने सेन्सर पुसले. पुन्हा तेच. सरळ केले. पुन्हा तेच. वायर बदलली, मशीन बदललं, शेवटी कपाळावरचा घाम पुसत गमतीने म्हणाला, "कोणीतरी मधे उभं आहे बुवा."

जिन्यावर आई उभी होती.

"अहो," ती दाराकडे बघत म्हणाली, "त्यांना काम करू द्या. जरा बाजूला व्हा बघू."

दार खडखडत खाली आलं. सरळ. जमिनीला टेकलं.

सगळे हसले. दारवाला सगळ्यात मोठ्याने हसला. मग हत्यारं गोळा केली आणि समोर आलेला चहा न पिताच गेला. एवढा बोलका माणूस... जाताना एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू झालं.

मी वळणावर. रिमोट अजून खिशात. आणि समोर दार उघडं.

भूत वगैरे माझ्या डोक्यातही नव्हतं. मी मुळात संशयी माणूस. भुताआधी माणसांवर संशय घेतो. पहिला नंबर समोरच्या दुर्बीणकाकांचा. दिवसभर खिडकीत बसून गल्लीवर नजर ठेवणं हा त्यांचा उद्योग. त्यांच्या हातात नेहमी काहीतरी काळं, बटणाचं असायचं. एका संध्याकाळी मी तावातावाने त्यांच्या दारात गेलो.

"काका, तो रिमोट आधी दाखवा!"

ते रक्तदाब मोजायचं यंत्र निघालं. मी ओरडल्यामुळे त्यात भलताच आकडा आला. त्यांच्या सूनबाईंनी मला अजून माफ केलेलं नाही.

पण बाहेर पडताना काका म्हणाले, "तुमच्या दारात संध्याकाळी कोण उभं असतं हो? चौकटीला टेकून? माझा चष्मा जुना झालाय म्हणून विचारतो."

मी म्हटलं, "आई असेल."

"आई आत असतात," काका म्हणाले.

मी चष्म्यावर खापर फोडलं. मग बायको फोनवरून दार उघडत असेल, असा संशय घेतला. त्यावरून झालेलं भांडण इथे सांगत नाही. एवढंच सांगतो, की ती दोन दिवस माझ्याशी फक्त मशीनबद्दल बोलली. शेवटी मी मशीनचा प्लग काढला. लाल दोरी ओढून दार साखळीपासून सोडवलं. दोन्ही रिमोट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवले.

त्या संध्याकाळी बायको वर स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं... साखळीचा खडखडाट नाही. नुसता चाकांचा आवाज. रुळावरून दार हळूच वर सरकल्याचा. पूर्वी यायचा तसा.

म्हणजे हाताने.

आणि खाली आई होती.

आता माझी पंचाईत बघा. दार भूत उघडत असेल, तर आई शहाणी. दार आईच उघडत असेल आणि नाव बाबांचं घेत असेल, तर ताई बरोबर. भूत असू दे म्हणून देवाला साकडं घालणारा जगातला पहिला मुलगा मी असेन.

रविवारी ताई आली. रिकामी बॅग घेऊन. आईचे कपडे भरायला.

"दार हलकं आहे. आईच उघडते. तिला आठवत नाही एवढंच," ताई म्हणाली. "यात कसलं गूढ आलंय?"

आई खुर्चीत बसून बॅगेकडे बघत राहिली. मग हळूच मला म्हणाली, "तुलाही तसंच वाटतं का रे?"



मी दारवाल्याला फोन केला. त्याला म्हटलं, दाराला असं कुलूप लाव की ते हाताने उघडणारच नाही. तो यायला तयार नव्हता. ताईने फोन घेतला. मग तो आला.

गॅरेजमध्ये आम्ही सगळे. तो शिडीवर चढला, दाराच्या वरच्या दांड्यावर बॅटरी मारली... आणि बॅटरी तिथेच धरून राहिला.

"काय झालं?"

"दादा, स्प्रिंग तुटलीय."

दाराच्या वर जाडजूड स्प्रिंग असते. दाराचं सगळं वजन ती तोलते, म्हणून दार हलकं लागतं. आमच्या स्प्रिंगचे दोन तुकडे झाले होते.

"आत्ता तुटली असेल," ताई म्हणाली.

"नाही हो ताई. तुटलेल्या टोकाला गंज बघा. कित्येक महिने झाले असतील." त्याचा आवाज बारीक झाला. "पण मी... मी तर एका बोटाने उचललं होतं. तुमच्यासमोर."

मीही उचलत होतो. रोज सकाळी. एका हातात चहाचा कप धरून.

"उचलून बघू," ताई म्हणाली. ती हार मानणाऱ्यांतली नाही. मी, बायको, दारवाला आणि स्वतः ताई, चौघांनी हात घातले. एक, दोन, तीन...

दार हललंसुद्धा नाही. माझ्या कंबरेत मात्र काहीतरी हललं. दारवाल्याची पँट उसवली. ताईच्या तोंडून असा शब्द गेला, जो बोलल्याबद्दल तिने मला लहानपणी मारलं होतं.

तेवढ्यात मागून आई म्हणाली, "अहो, पोरांची कंबर मोडेल. कशाला थट्टा करता?"

आमच्या हातांतून दार सुटलं.

वर गेलं. हळू. रुळावरून चाकांचा आवाज करत. पार छताखाली जाऊन थांबलं.

 बाहेर ताईची गाडी उभी होती. ताई गाडीकडे चालत गेली, गाडीचं दार उघडलं, बसली. रिकामी बॅग आमच्याकडेच राहिली. गाडी मागे घेताना ती सारखी आरशात बघत होती. आरशात तिला काय दिसलं, ते ती सांगत नाही. एवढंच म्हणाली, की कुंडी वाचली.

वृद्धनिवासाचा विषय संपला. आई घरातच राहणार. मी मशीन काढून टाकलं. दारवाला नवीन स्प्रिंग बसवतो म्हणाला, तर आई म्हणाली, "नको. मग ह्यांना काम काय उरणार?"

मला वाटलं, झालं. इतरांच्या घरी मशीन, आपल्या घरी बाबा. वीजही लागत नाही. मी रोज गाडी आत घेताना म्हणायचो, "थँक्यू बाबा." बायकोही म्हणायला लागली होती.

मग तो गुरुवार आला.

मी वळणावर आलो. दार बंद होतं.

हॉर्न वाजवला. काही नाही. उतरलो, दाराला हात घातला. ढिम्म. भिंत उचलायला गेल्यासारखं वाटलं.

आणि आतून आवाज आला.

"येऊ दे..."

माझी गाडी तर बाहेर होती. गॅरेज रिकामं होतं.

"येऊ दे... येऊ दे..."

बाबांचा आवाज. आणि त्या आवाजाबरोबर... चपला. जिना उतरून झालेल्या, सिमेंटवरून हळूहळू पुढे सरकणाऱ्या. आईच्या चपला. एक पाऊल. थांबणं. आणखी एक पाऊल.

"येऊ दे... येऊ दे..."

तेव्हा मला कळलं. इतके दिवस मी हाच विचार करत होतो, की दार कोण उघडतं. दार कोणासाठी उघडतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मला वाटायचं, माझ्यासाठी.

मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडलो, "बास! बाबा, बास! बास!"

चपला थांबल्या.

दार वर गेलं.

आई पार पलीकडच्या भिंतीजवळ उभी होती. बाहेर जायची साडी, खांद्याला पर्स. माझ्याकडे वैतागून बघत होती, झोपेतून उठवल्यासारखी.

"काय रे ओरडतोस? लोक काय म्हणतील?"

"कुठे निघाली होतीस?"

"कुठे म्हणजे? हे बोलवत होते." मग भिंतीकडे वळून, ठेवणीतल्या आवाजात, "राहू दे हो आज. पोरगं घाबरलंय."

आज.

तेव्हापासून मी ऑफिसातून लवकर निघतो. जिन्याच्या दाराला कडी घातली आहे, पण ती सकाळी उघडी सापडते. परवा मी दारवाल्याला फोन केला. म्हटलं, मला मशीन हवंय. साखळीचं, पट्ट्याचं, कुठलंही, किंमत विचारत नाही. फक्त ते दार उघडणारं नको. बंद ठेवणारं हवं.

तो मग म्हणाला, "दादा, तसं मशीन अजून निघालेलं नाही."

आत्ता हे लिहितोय, तर आई शेजारच्या खुर्चीत आहे. तिचा पदर मी एका हाताने धरून ठेवलाय, आणि ती त्यावरून मला हसतेय. बायको बाहेर गेलीय. तिची गाडी यायला अजून अवकाश आहे.

पण खाली चाकांचा आवाज आलाय...

आणि आईने चपला पायात घातल्यात.