पालथा करायचा राहिलेला पुठ्ठा

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत भाद्रपदाचे ऊन पत्र्यांवर तळपत होते, त्या प्रहरी मयुरीच्या वडिलांच्या लेथ-वर्कशॉपसमोर धुळ्याचा एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून एक तरुण उतरला. हातात दोन पुठ्ठे आणि मुद्रेवर... विलक्षण संकोच!

"पितांबर नाना आहेत का?"

"नाना डोळे दाखवायला गेलेत. काम मला सांगा."

"काम जरा अवघड आहे हो..."

"मग तर मलाच सांगा," ती उद्गारली, आणि तिच्या गालावरील खळी क्षणमात्र दृग्गोचर झाली.

त्याचे नाव समाधान. वडिलांच्या जुन्या जीपचे इंजिन निकामी झाले होते. गिअरबॉक्स मात्र ठणठणीत होता. त्याने एका पिकअपचे इंजिन मिळवले, परंतु दोघांची भोके परस्परांशी जुळेनात. मध्ये दोन्हींची भोके असलेली पोलादी अडॅप्टर प्लेट बसविणे अगत्याचे होते. म्हणून दोघांच्या तोंडांना ग्रीस लावून त्याने पुठ्ठ्यांवर ठसे उमटवून आणले होते.

नानांची दृष्टी मंदावत चालली होती. ते संध्याकाळी लेकीला म्हणाले, "ही प्लेट तू एकटीनं कर. बसली तर लेथ तुझा. नाही तर दिवाळीला हे वर्कशॉप दुसऱ्याच्या हवाली करतो."

वयाच्या बाराव्या वर्षापासून त्या लेथचा आवाज मयुरीला श्वासासारखा होता.

आखणीच्या दिवशी समाधान धुळ्याहून विनाकारण आला.

"मी म्हटलं, पुठ्ठे हरवले तर नाही ना..."

"एवढ्यासाठी शंभर किलोमीटर?"

"चहा पण चांगला मिळतो इकडे."

"तुम्ही तर अजून घोटही घेतला नाही!"

त्याने गडबडून हातातला गार चहा एका दमात प्राशन केला. ती हसली – आणि हसता हसता तिने दोन्ही पुठ्ठे ग्रीसची बाजू वर करून पोलादावर आखले. वास्तविक समोरासमोर येणाऱ्या दोन तोंडांपैकी एकाचा पुठ्ठा पालथा ठेवावा लागतो. तेच राहून गेले.

चार दिवसांनी इंजिन व गिअरबॉक्स टेम्पोतून आले. इंजिनावर प्लेट अचूक बसली. गिअरबॉक्सची मात्र सातांपैकी दोनच भोके जुळली. मयुरीने पाना खाली ठेवला. नाना खुर्चीवरून उठले.

"काय झालं?"

समाधानने तिच्या फिकट चेहऱ्याकडे पाहिले. त्याची शहरी भाषा कुठल्या कुठे विरली; घरच्या अहिराणीत त्याने सारी चूक आपल्या माथी घेतली.

"बठ्ठी चूक मनी शे, नाना! मी ठसाच उलटा घेतला."

नानांनी गिअरबॉक्सचा पुठ्ठा उचलून प्लेटच्या भोकांशी बोटांनी ताडून पाहिला. वास्तविक आता मयुरीने मौन धरले असते तर लेथ तिचा होता... पण ती पुढे झाली.

"नाही नाना. यांचे ठसे बरोबर होते. पुठ्ठा पालथा ठेवायचा मीच विसरले."

नानांनी प्लेटच्या भोकांवरून पुन्हा एकदा सावकाश बोटे फिरवली. "ते मला बोटांनी मघाशीच सांगितलं. तू सांगतेस का, ते बघत होतो." मग ते समाधानकडे वळले. "आणि तुला रे, माझ्या घरची चूक डोक्यावर घ्यायची एवढी घाई का?"

समाधान कानापर्यंत आरक्त झाला!

"दुसरी प्लेट कर, पोरी," नाना म्हणाले. "लेथ तुझ्याकडेच राहील."

दुसरी प्लेट बसली. जोडलेले इंजिन टेम्पोतून धुळ्याला गेले. मयुरीला वाटले... संपले. परंतु आठव्या दिवशी समाधानची जीपच दारात!

"काय बिघडलं?"

"काहीच नाही," तो म्हणाला. "आता काही बिघडतच नाही. मग यायचं तरी कसं? म्हणून... नानांना विचारावं म्हणतो. घरच्यांना घेऊन मुलगी पाहायला यावं का..."

"आधी मुलीला विचारा!"

"विचारतो ना..." तो एक पाऊल पुढे आला. "मयुरी, माझ्याशी संसार करशील?"

ती कापडाला हात पुसत राहिली. हात कधीचेच स्वच्छ झाले होते.

"हो. पण तुम्ही मुलगी पाहायला यायचं नाही. आधी मी धुळ्याला येऊन तुमचं घर पाहणार."

"असं का?"

"एकदा पुठ्ठ्यांची एकच बाजू पाहून फसले आहे," ती म्हणाली आणि जीपमध्ये जाऊन बसली.