तारखेच्याच दिवशी मरणारी गाडी

"संघप्रिया, लवकर ये. मेली परत."

फोनवरचा बापूराव गुरुजींचा आवाज ऐकून एखाद्याने पांढरे कपडे काढून ठेवले असते. संघप्रियाने फक्त नटबोल्टचे पाने उचलले.

"कुठी मेली?"

"नाल्याच्या वळणावर. मागच्या दोन्ही खेपेले मेली होती, तिथीच."

सकाळचे नऊ वाजले होते. बाराच्या ठोक्याला कुरखेड्यात बेलदंड गावाच्या वनहक्काच्या दाव्याची सुनावणी होती. वाघडोंगरीचा बांबूचा उतार बेलदंडचा की पलीकडच्या कोसमटोल्याचा, एवढाच प्रश्न. पहिल्या दोन तारखांना बेलदंडवाले पोचलेच नव्हते. आज नाही पोचले तर दावा बंद, उतार कायमचा गेला.

संघप्रियाने गॅरेजला कुलूप लावलं आणि फटफटीला किक मारली.

गुरुजींची गाडी तीस वर्षांची. तिचा हॉर्न ऐकला की वाघ रस्ता सोडायचा. भीतीने नाही, वडीलधाऱ्यांना मान द्यावा म्हणून. एकदा चिखलात रुतली तेव्हा अस्वलाने मागून धक्का दिला होता, असं सांगणारे चार जण बेलदंडात आजही जिवंत आहेत. पण तारखेच्या दिवशी तिला काय होतं, ते त्या चौघांपैकी एकालाही सांगता येत नव्हतं.

वळणावर गाडी उभी होती. बॉनेट उघडं. गुरुजी वर आलेल्या उन्हात घाम पुसत होते. दसरूभाऊ पेट्रोल पंपावर, म्हणजे एंजिनच्या बाजूला बसवलेल्या त्या वाटीएवढ्या पंपावर, ओलं फडकं दाबून उभा होता. दसरू गुरुजींचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त आणि दाव्यातला एकमेव साक्षीदार. डोंगरीच्या हद्दीचे दगड त्याने लहानपणी बापाच्या खांद्यावरून पाहिलेले. सावलीत त्याची बायको भागीरथाबाई शिदोरी घेऊन बसली होती. ती आज पहिल्यांदाच सोबत आली होती.

"पंपच हाय," गुरुजी म्हणाले. "त्या गोपाल मिस्त्रीनं नवा म्हणून नकली टाकला. दगा देल्ला मले."

"थांबा गुरुजी. कोणाचं नाव आत्ताच नका घेऊ."

तिने कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत सोडली.

"मारा सेल्फ."

एंजिन घरघरलं. बाटली कोरडीच राहिली.

"पाह्यलं?" दसरू म्हणाला. "पंप गेला. आता आजची तारीख बी गेली समज, बापू."

संघप्रियाने टाकीकडून पंपाला येणारी नळी सोडवली आणि तिच्या जागी एक आखूड तुकडा लावला. त्याचं दुसरं टोक पेट्रोल भरलेल्या बाटलीत बुडवलं.

"परत मारा."

दुसऱ्या बाटलीत पेट्रोलची पिचकारी अशी उडाली, की दसरूच्या फडक्यावर शिंतोडे आले.

"गोपाल सुटला," ती म्हणाली. "पंप तर ठणठणीत हाय. त्याले मागून मिळून नाई राह्यलं."

"टाकी तर काठोकाठ हाय! दसरूनंच सकाळी भरली."

"दरवेळी दसरूभाऊच भरते?"

"गावाच्या कामाले निघालो की गाडी माही, पेट्रोल गावाचं. घराघरानं पाळी असते. पण तारखेच्या दिवसाची पाळी हा मागून घेते. तिन्ही खेपेले यानंच मागितली."

"धरमाचं काम हाय," दसरू म्हणाला.

भागीरथाबाईने मोहाचा लाडू पुढे केला. "खाय बाई, बिनाखाल्लीची आली अशीन."

संघप्रियाने घास घेतला आणि चावता चावता थांबली. "बाई, याले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

"मले बी आला! मंग मले वाटलं, माह्या नाकाचंच काही. काल तं चांगले होते. मी बांधले, यायनं आपल्या झोळीत ठेवले. आत्ताच काढले."

"सकाळी भरताना हातावर सांडलं," दसरू घाईने म्हणाला.

"हाताचं झोळीत?" म्हातारी फणकारली. "यायचं काही खरं नाई, बाई. माह्या विळ्याची मूठ निखळली. बसवाले गेलो तं डब्यातली लाखेची कांडी गायब. घरात आमी दोघंच. आता लाख का उंदरानं नेली?"

संघप्रियाने लाडू संपवला. मग गुरुजींकडे वळली.

"मागच्या खेपेले गाडी कशी सुरू झाली?"

"अर्धा घंटा ओलं फडकं ठेवलं, झाली. चार किलोमीटर गेली, परत बंद. फडकं, वाट पाहणं, परत बंद. असंच करता करता बारा वाजून गेले."

"आणि घरी कशी गेली?"

"दसरू म्हणे, पेट्रोल कमी पडलं अशीन. दुकानातून बाटली आणून त्यानंच ओतली. मंग जी सुटली, घरीच थांबली."

"दुसऱ्या दिवशी?"

"वडसा जाऊन आलो. एकदा बी नाई रुसली."

"टाकीचं झाकण तुमी कधी उघडता?"

"मी? माही कंबर वाकते कुठी? गावच भरते, गावच लावते."

संघप्रिया गाडीच्या मागे गेली. दसरू तिच्या आधी तिथे पोचला.

"मी काढून देतो, बेटा."

"असू द्या, दसरूभाऊ. तुमी बसा."

तिने झाकण फिरवलं.

हुश्श्श!

किती वेळ चाललं ते हुश्श! दिवसभर श्वास कोंडून धरलेल्या माणसाने एकदम सोडावा तसं. गाडीने जणू सुस्कारा टाकला. झाडावरचे दोन कोतवाल पक्षी उडाले.

संघप्रियाने झाकण उलटं करून उन्हात धरलं. मग नळ्या जागेवर जोडल्या.

"मारा आता सेल्फ."

दोनचार घरघरीत एंजिन चालू झालं. गुरुजी हसले. ती मात्र हसली नाही.

"गुरुजी, बंद करा आणि इथी या. पेट्रोल निघते तेवढी हवा टाकीत शिराले पाहिजे. त्यासाठी झाकणाले बारीक छिद्र असते. ते बुजलं, की पंप ओढत राहते आणि आत पोकळी होते. शेवटी पेट्रोल येईनासं होते. काठोकाठ भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून लवकर होते. म्हणून दरवेळी हेच वळण. अर्ध्या घंट्यात कुठून तरी हवा झिरपते, अन् लोक म्हणते फडक्यानं गुण आला. बाटली ओताले झाकण उघडलं, की गाडी चांगली. पेट्रोलनं नाई, हवेनं."

"म्हणजे छिद्रात कचरा गेला?"

"कचरा तारीख पाहून नाई जात, गुरुजी. हे पाहा. आतून लाल, कडक. मेण असतं तं पेट्रोलच्या वाफेनं पाघळलं असतं. डांबर बी. याले पेट्रोल काही करत नाई. ही लाख हाय."

भागीरथाबाईचा डब्यावरचा हात तसाच राहिला.

"आणि लाख लावाले ती तापवा लागते. भरलेल्या टाकीजवळ कोण जाळ धरते? म्हणजे हे झाकण घरी बसून तयार केलं. हे दुसरंच हाय, भंगारातलं. तारखेच्या सकाळी हे लागते, परतीच्या बाटलीच्या वेळी निघते आणि खरं झाकण परत लागते. मंग मधल्या वेळात खरं झाकण कुठी राह्यते? जो लावते त्याच्याजवळ. खिशात नाई तं झोळीत." ती थांबली. "लाडवांच्या शेजारी."



"दसरूभाऊ, झोळी देता?"

दसरूने झोळी छातीशी धरली. भागीरथाबाई उठली. तिने नवऱ्याच्या हातातून ती ओढून घेतली आणि रस्त्यावर पालथी केली. चंची पडली, पंचा पडला आणि एक काळं झाकण घरंगळत गुरुजींच्या चपलेपाशी येऊन थांबलं.

गुरुजींनी ते उचललं नाही.

"काऊन रे?" एवढंच विचारलं.

दसरू खाली पाहत राहिला. "ललिता कोसमटोल्यात देल्ली ना, बापू. तिच्या सासऱ्यानं निरोप धाडला. बाप उतार बेलदंडचा म्हणीन, तं पोरगी बापाच्याच घरी राहीन."

"मंग मले म्हणाचं होतं. नाई येत म्हणाचं होतं."

"गावापुढं कसं म्हणू? खोटं सांगाले जीभ नाई वळत, खरं सांगाले हिंमत नाई. मले नाई म्हणता येत नव्हतं. गाडीलेच नाई म्हणाले लावलं."

"दोन तारखा मी या वळणावर रडलो," गुरुजी म्हणाले. "तू माह्या पाठीवरून हात फिरवला."

संघप्रियाने खरं झाकण पुसून लावलं. सव्वादहा झाले होते.

"गाडी पोचते, गुरुजी. पण साक्ष?"

"मी सांगतो ना," भागीरथाबाई म्हणाली. "लग्न होऊन आलो तेव्हापासून त्या उतारावर बांबूचे कोवळे वास्ते वेचाले जाऊन राह्यलो. पाचही दगड माह्या पायाले माहीत हायेत. कोणी इचारलंच नाई कधी."

"बाई, ललिताचं काय होईन?" संघप्रियाने विचारलं.

"पोरगी माही बी हाय. धाडली तं येईन घरी. चूल हाय, हात हायेत." ती नवऱ्याकडे न पाहता पुढच्या सीटवर जाऊन बसली.

दसरू दरवाजापाशी आला. "बापू, मी बी येतो. मागं बसतो."

गुरुजी समोरच्या काचेतून रस्ता पाहत होते.

"संघप्रिया, यायले सांग. म्हणाव, तुमच्यासाठी गाडीत जागा नाई."

मागची सीट अख्खी रिकामी होती. चाळीस वर्षांत गुरुजींनी दसरूला 'तुमी' म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.

संघप्रिया पाने गोळा करत बसली. तिने मुद्दामच वेळ लावला. दसरू मैलाच्या दगडावर बसून होता. साडेअकराला फोन आला.

"पोचलो," भागीरथाबाई ओरडून बोलत होती. "माहं नाव लिवून घेतलं त्यायनं. पयलंच."

फोन ठेवून संघप्रियाने फटफटी चालू केली. दसरू उठून जवळ आला.

"बेटा, मले गावापर्यंत सोडशीन?"

"सोडतो ना," ती म्हणाली. "कोणत्या गावाले, दसरूभाऊ?"

दसरूने एकदा बेलदंडच्या रस्त्याकडे पाहिलं, एकदा कोसमटोल्याच्या वाटेकडे. फटफटी नुसतीच धडधडत उभी राहिली.