बांबूपाशी उरलेला जोड

"चप्पल तुटली तरी इथं टाकून जायचं नाय हां, बाय. हातात धरून घरी ने, पण इथं ठेवू नको."

सुंदराबाईंनी हे सांगितलं तेव्हा त्या मढच्या किनाऱ्यावर उन्हात सुकायला पसरलेली करंदी, ती बारीक कोळंबी, हाताने सारखी करत होत्या, आणि मी हसले होते. सुंदराबाई तिथल्याच, कोळीवाड्यातल्या. मला वाटलं, असेल त्यांच्यातला एखादा समज. मी पडले बोरिवलीत वाढलेली, बी.कॉम. झालेली, मुलीचं उकळलेलं दूध पुन्हा एकदा उकळणारी बाई. मला नजर लागण्यापेक्षा जंतू लागण्याची भीती जास्त.

मढला मी आले ती मीरामुळे. माझी मैत्रीण रश्मी एका मालिकेत सहायक दिग्दर्शक आहे. त्यांना घराण्याचा वारस हवा होता. वर्षभराचा, गुटगुटीत, दिव्यांना न घाबरणारा. माझी मीरा मुलगी आहे हे कोणालाच अडचणीचं वाटलं नाही, शेरवानी घातली की झालं. मीराचे बाबा ती पोटात असतानाच दुसऱ्या घरी राहायला गेले होते, आणि आता कायद्यानेही तिथलेच झाले होते. "आईकडे बसून भिंती बघण्यापेक्षा शूटिंगच्या बंगल्यामागचा समुद्र बघ," रश्मी म्हणाली.

तर तो समुद्र बघायलाच मी पहिल्या सकाळी मागच्या दाराने खाली उतरले. जानेवारीची कोवळी थंडी, कडेवर मीरा, खांद्याला तिची पिशवी. ओहोटी लागली होती. काळे खडक दूरवर उघडे पडले होते. काठावर वाळूत एक बांबू रोवलेला, त्याला लाल फडकं, आणि बुंध्याशी चपलांचे तीन-चार जोड. मी पहिल्या खडकावर पाय ठेवला—

"चपला तिकडे काढून ठेवा."

पाठमोरा माणूस होता. हातात लांब गळ, नजर पाण्यावर. वळलाही नव्हता.

"देऊळ आहे का हे?"

"नाही. पण ठेवा."

"आणि पायाला काही लागलं तर?"

"तर येऊ नका." मग तो वळला. त्याला मीरा दिसली, आणि चेहऱ्यावरचा सगळा तोरा उतरला. "अरे... बाळ आहे. मग तर नाहीच यायचं. थांबा, मीच येतो."

रबरी बुटांतून पाणी निथळवत तो काठावर आला, बूट काढले, बांबूपाशी ठेवलेल्या निळ्या पट्ट्यांच्या चपला घातल्या. नाव प्रबुद्ध.

"पाणी समोरून येतं असं वाटतं ना? इथे ते आधी मागून येतं," तो म्हणाला. खडक आणि किनारा यांच्यामध्ये एक लांबलचक खळगा होता, तो त्याने दाखवला. "भरती लागली की आधी हा भरतो. समोर बघत गळ टाकून गरवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून आत जाणारा चपला इथे ठेवतो. बाहेर येणारा बघतो, कोणाचा जोड उरलाय. उरला असेल तर हाक मारायची. ओ आली नाही तर..."

"तर?"

"तर शोधायला जायचं. ओळखीचा असो, नसो."

"फोन करायचा ना सरळ."

"अनोळखी माणसांचे नंबर असतात तुमच्याकडे?"

मला राग आला. थोडासाच.

दुपारी मालिकेच्या सेटवर मीरा शेरवानीत, आणि तिच्या डोक्यावर एक लांब काठी, काठीच्या टोकाला केसाळ माइक. काठी धरणारा माणूस तोच.

"हातातून काठी सुटत नाही वाटतं तुमच्या," मी चहाच्या टेबलापाशी म्हटलं.

"दोन्हीकडे काम एकच. गप्प उभं राहायचं."

"आणि इथे काय लागतं गळाला?"

"आज? तुमच्या मुलीच्या दोन शिंका." मग हळूच, "चांगल्या आल्यात. ठेवून देईन."

तो कांजूरमार्गचा. मूळ गाव वाशीमकडे. "आमच्याकडे समुद्र पहिल्यांदा बघितला तो आजोबांनी, आणि घाबरून चार पावलं मागे सरले. तुम्ही?"

"मालवण."

"आणि गरवता येत नाही?"

"मालवणची माझी आजी. मी बोरिवलीची."

"म्हणजे मासा फक्त ताटात ओळखता."

"तोही काटे काढून दिलेला."

तो हसला. आवाज न करता हसायची सवय त्याला कामामुळे लागली असावी. डोळे हसायचे, खांदे हलायचे, तोंडातून काही नाही.

थंडीत कोळंबीच्या मागे रावस खाडीच्या तोंडाशी येतो, म्हणून ओहोटी सकाळची असली की प्रबुद्ध कामाच्या आधी खडकांवर असायचा. आणि मी काठावर. समुद्राची हवा मीराला मानवते, असं मी आईला सांगितलं होतं. मीराला सुंदराबाईंच्या मांडीवर देऊन एकदा मी गळ हातात घेतला, काठावरूनच. बराच वेळ काही नाही... आणि मग दोर असा ओढला गेला की मनगटापासून खांद्यापर्यंत शिरशिरी गेली. मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं. दोर सटकन सैल पडला.

"गेला," मी म्हटलं.

"जाऊ दे. तू घट्ट धरलास. थोडं सैल सोडायला हवं होतं."

तू म्हणाला होता. दोघांच्याही लक्षात आलं, दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

"मला सैल सोडता येत नाही काही."

"दिसतंच आहे. त्या पिशवीत थर्मामीटर किती आहेत?"

"दोन."

"दोन कशाला?"

"एक चुकीचा दाखवत असला तर?"

या वेळी तो आवाज करून हसला.

एकदा ब्रेकमध्ये त्याने त्याचे हेडफोन माझ्या कानांवर ठेवले आणि माइक पाण्याकडे धरला. लाटा बाजूला झाल्या. आत बारीक तडतड ऐकू येत होती, कढईत मोहरी पडावी तशी. "खडकातल्या कोळंब्या," तो म्हणाला. हे त्याच्या ओठांवरून कळलं. नंतर तो अजून काहीतरी म्हणाला. मी एक कान मोकळा केला.

"काय?"

"श्रुतिका, मला..." त्याने माइक खाली घेतला. "मी काय म्हणतो, की..."

"साउंड कुठाय, साउंड?" बंगल्याच्या गच्चीवरून रश्मी.

तो गेला. आणि मीही मूर्ख, दिवसभर मोहरीच ऐकत राहिले.

मग एका सोमवारी रश्मीने सांगितलं की मालिकेत वीस वर्षं पुढे उडी घ्यायची ठरलंय. वारस मोठा झाला. म्हणजे मीराचं काम संपलं. संध्याकाळपर्यंत थांबायचं, मग प्रॉडक्शनची गाडी बोरिवलीला सोडेल.

उन्हं कलल्यावर मी खाली गेले. प्रबुद्ध त्या दिवशी दुपारनंतरच मोकळा झाला होता, आणि अगदी शेवटच्या खडकावर उभा होता. मी हात हलवला. वळला नाही. हाक मारली नाही, म्हटलं, आपणहून वळू दे... चिखलात माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुटला. मी दोन्ही काढून बांबूपाशी ठेवल्या आणि वाट बघत राहिले. त्याची पाठ तशीच. वारा बोचायला लागला, मीरा शिंकली. वरून ड्रायव्हरने हॉर्न दिला.

नाही ना वळायचं? नको वळू.

चपला मी तशाच सोडल्या. तुटलेल्या चपला घेऊन कुठे जाणार होते, आणि परत तरी कुठे येणार होते. अनवाणीच गाडीत बसले.

आक्साचा किनारा मागे पडल्यावर आईला 'निघालो' म्हणून कळवायला फोन काढला. सेटवर सायलेंट केलेला, तो तसाच. स्क्रीनवर प्रबुद्धचे सात मिस्ड कॉल, त्याखाली रश्मीचे. मी आधी त्याला लावला. लागेना. तेवढ्यात रश्मीचाच आला.

"तू कुठे आहेस?" तिने थेट विचारलं. "श्रुतिका, तू खडकांवर नाहीयेस ना?"

"गाडीत आहे गं. का?"

पलीकडे तिने कोणाला तरी सांगितलं, ती गाडीत आहे. मग मला म्हणाली, "तुझ्या चपला दिसल्या खाली. तुला शोधायला प्रबुद्ध आत गेलाय. सुंदराबाई इथे आल्यात. पाणी भरलंय गं सगळं."

ड्रायव्हरला गाडी वळवायला मी कसं सांगितलं, आठवत नाही. मीराला इतकं घट्ट धरलं होतं की ती रडायला लागली. ओ आली नाही तर शोधायला जायचं. त्याने हाका मारल्या असतील. मी ओ दिली नव्हती... देणार कशी, मी तिथे नव्हतेच.

खाली पोचले तेव्हा सूर्य बुडाला होता, उजेड मात्र होता. खडक नव्हते. जिथे सकाळी मी उभी असायचे तिथून पाणी वाहत होतं. बांबूपाशी सुंदराबाई उभ्या, पायाशी दोनच जोड. माझा, आणि निळ्या पट्ट्यांचा.

"सांगितलं होतं ना गो तुला," त्या एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "होडी काढतायत. पन त्याला कुठं बघायचा?"

मीराला मी त्यांच्या हातात दिलं आणि पाण्याच्या कडेला गेले. पाय बर्फ झाले होते. तोंडाशी दोन्ही हात धरले. हाक मारली.

"प्रबुद्ध... मी इथे आहे. काठावर आहे मी."

नुसतं पाणी.

मग उजवीकडून, मी ज्या बाजूला बघतही नव्हते तिकडून, "मीरा?"

"मीरा पण आहे. दोघी आहोत."

"बरं," लांबून आवाज आला. बरं म्हणाला. कमरेपर्यंत पाण्यात उभा असलेला माणूस बरं म्हणाला.

सुंदराबाईंचे यजमान दशरथकाका आवाजाच्या रोखाने होडी घेऊन गेले. त्याला आणलं तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते, गुडघा खरचटून रक्त येत होतं, गळ आणि फोन दोन्ही पाण्यात. वाळूत बसल्यावर पहिलं वाक्य बोलला ते हे—

"चपला उचल आधी. कोणीतरी अजून येईल आणि आत जाईल."

मी उचलल्या. थर्मामीटरच्या पिशवीत कोंबल्या, वाळूसकट. मग त्याच्या शेजारी वाळूत बसले.

"मी आलेली दिसले होते तुला?" मी विचारलं.

"हो. बंगल्यातून उतरतानाच."

"मग वळला का नाहीस?"

तो इतका कुडकुडत होता की शब्द तुटत होते. "वळलो असतो तर... तू जाताना दिसली असतीस. ते नव्हतं बघायचं मला." "मग बाहेर आलो, तर चपला इथेच. वाटलं, मला शोधायला आत आलीस. मीराला घेऊन."

मीराचं पांघरूण मी त्याच्या खांद्यावर टाकलं. एकच खांदा झाकला गेला. दुसऱ्यावर मी डोकं ठेवलं.

"त्या दिवशी हेडफोन घातल्यावर काय म्हणाला होतास?"

"आता?" तो म्हणाला. "आता विचारतेस होय?"

"मला ऐकू आलं नव्हतं."

"हेच. की मला तुम्ही दोघी लागता. रोज." आणि सुंदराबाईंकडे बघत, "दोन्ही थर्मामीटरसकट."

सुंदराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि मीराला म्हणाल्या, "बघ गो, तुझी आयस आता रडतेय."

आता आम्ही मुलुंडला राहतो. त्याने नवा गळ घेतलाय. जाऊ नको म्हणून मी भांडत नाही. थोडं सैल सोडायला मी शिकतेय, फार नाही. पण आज रविवार आहे, थंडी पडलीये, मीराला ताप आहे, एक थर्मामीटर शंभर दाखवतोय आणि दुसरा एकशे एक. सुंदराबाई आणि दशरथकाका लेकीकडे वसईला गेलेत. तो पहाटेच निघाला, ओहोटी केव्हाच संपली, आणि त्याचा फोन लागत नाहीये.

तुमच्यापैकी कोणी मढला राहत असाल, किंवा सहज त्या बाजूला गेला असाल, तर जरा खाली उतरून बघाल? लाल फडक्याचा बांबू आहे. त्याच्यापाशी निळ्या पट्ट्यांचा जोड नसेल तर काही करू नका, तो वाटेत असेल. असेल, तर पाण्याच्या कडेला जाऊन एक हाक मारा. प्रबुद्ध म्हणा. ओ येईपर्यंत मात्र तिथून हलू नका.