तुकारामचं मशीन

गल्फमधल्या नईम भागातल्या गल्लीतलं माझं दुकान म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि धापा टाकणारा एसी. साल ब्याऐंशी. बॅटरीच्या घड्याळांनी माझ्यासारख्या कारागिरांना भंगारात काढलं होतं. केस, म्हणजे बाहेरची डबी, खराब झालेल्या जुन्या घड्याळातलं मशीन काढायचं, साफ करायचं, नव्या चकचकीत केसमध्ये बसवायचं, हाच धंदा उरला होता. कोणाला फसवणूक वाटत असेल तर वाटो. चांगलं मशीन फेकणाऱ्याला मी जास्त नालायक समजतो.

विठ्ठल माझ्याच चिपळूणकडचा. गोदीत जहाजांचा गंज खरवडायचा. एका संध्याकाळी त्यानं फडक्यात गुंडाळलेलं घड्याळ आणलं. काच गेलेली, केस चेचलेली.

"फारुखभाय, ह्याचं मशीन नव्या केसमध्ये घाल. माझ्या मथुरेच्या होणाऱ्या नवऱ्याला द्यायचंय. ऑटोमॅटिक नसेल तर बोहल्यावर चढत नाय म्हणतो मेला."

"मग नको चढू दे."

"तुला बोलायला काय जातंय? पोरीचं लग्न एकदा मोडलंय."

गल्फमधला बाप म्हणजे पैशाची खाण, असं गावाला वाटतं. त्या जावयाला एकदा जहाजाच्या टाकीत उतरवायला हवं.

"घड्याळ कोणाचं?"

"तुकारामचं. कोणी मागितलं नाय."

तुकाराम त्याच्याच खोलीतला. उन्हाळ्यात टाकी आतून साफ करत होता आणि वरून झाकण लागलं. कंपनीनं पेटी आणि प्रेत गावी पाठवलं. चूक कोणाची, ते कोणी बोललं नाही; मी मनातून फोरमनलाच धरलं.

मशीन उत्तम होतं. धुतलं, तेल दिलं, चालू झालं. ऑटोमॅटिकमध्ये अर्धगोल वजन असतं. मनगट हललं की ते फिरतं आणि स्प्रिंग भरते. टेबलावर ठेवलं की वजन गप्प. मशीन उघडं असताना टिकटिकीशिवाय कसलाही आवाज नव्हता. मी ते नव्या केसमध्ये बसवलं, झाकण फिरवून आवळलं.

टक. टक. टक. मग थांबून पुन्हा तेच.

घड्याळाची टिकटिक मला झोपेतही ओळखू येते. हा आवाज तिच्या खालून येत होता, सावकाश. वजन झाकणाला घासत असेल म्हणून उघडलं. वजन जागेवर स्थिर. ओल्या गंजाचा वास मात्र आला. पुन्हा लावलं, आवाज सुरू. वजनाचा स्क्रू बदलला. शेवटी झाकणच बदललं, पहिलं खणात टाकलं. फरक शून्य.

शुक्रवारी दुपारी विठ्ठल आला, नवा शर्ट घालून. संध्याकाळी मुहर्रक विमानतळावरून त्याचं विमान होतं. मी घड्याळ हातात दिलं. त्यानं कानाला लावलं आणि खुर्चीत बसला.

"उघडलं की थांबतं," मी म्हणालो. "झाकण लावलं की सुरू."

त्यानं घड्याळ कानावरून काढलं.

"फोरमन घाईनं बोलला, यल्ला, टाकी बंद करो, खलास," विठ्ठल म्हणाला. "मी बोललो, तुक्या वर आला का बघतो. तर शिव्या घातल्या. झाकणाचे बोल्ट मीच आवळले, भाय."

"आणि आवाज?"

"येत होता. मला वाटलं, पलीकडे कोण काम करतंय."

"खरंच वाटलं?"

त्यानं घड्याळ पुन्हा कानाला लावलं.

"हे नेऊ नकोस. दुसरं मशीन बघतो."

"कधी? परवा हळद आहे." त्यानं घड्याळ माझ्यापुढे ठेवलं. "झाकण सैल वाटतंय. आवळ जरा."

त्या फोरमनला मी महिनोन् महिने शिव्या दिल्या होत्या.

मी झाकणाची चावी लावली. जोर देऊन फिरवली.

आतला आवाज घाईचा झाला.

विठ्ठलनं घड्याळ मनगटावर बांधलं, बाही खाली ओढली आणि गेला.

तो गेल्यावर मी टेबल आवरायला घेतलं. खणातलं पहिलं झाकण फेकायला उचललं. आरशासारखं नवं कोरं होतं ते, मी स्वतः पाकिटातून काढलेलं. उजेडात तिरकं धरलं.

वजन घासल्याचा एकही ओरखडा नव्हता.

आतून बाहेर ठोकलेले बारीक पोचे होते. चार-चारच्या ओळीत. मूठ आवळल्यावर बोटांची हाडं वर येतात, तसे.