ती आलीच नाही

दुपारी तीनला दिग्दर्शक संकलनाच्या खोलीत आला, तो चहाचा कप हातात घेऊनच. काम तसं किरकोळ. सिनेमाचा शेवटचा प्रसंग जरा आटोपशीर करायचा होता. चाळीस वर्षांपूर्वीचं कोवळं प्रेम; सोळा वर्षांचा मुलगा बोटीच्या धक्क्यावर थांबतो, शेवटची बोट सुटते, मुलगी येत नाही.

"माझ्याच आयुष्यातलं आहे हो," तो संकलक बाईंना म्हणाला. "दगा दिला तिने. पण त्यामुळेच मी माणूस झालो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती मुलगी कोण, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. निळ्या रिबिनीची वेणी, डाव्या हाताने लिहिणं, सगळं त्यांच्या ताईचं. ताई त्या संध्याकाळी धक्क्यावर गेली होती. आला नव्हता तो हाच. तिसऱ्या दिवशी पाण्याने तिला परत दिलं. घराचं नाक कापलं म्हणून आईने मरेपर्यंत तिचं नाव घेतलं नाही.

"शॉट लावते," एवढंच बाई म्हणाल्या.

खोलीत अंधार. पडद्यावर पाणी, धक्का, पाठमोरा मुलगा. आणि त्याच्या मागे बाकावर बसलेली एक मुलगी.

"ही कोण? कापा तिला."

बाईही बघत राहिल्या. सकाळी तो बाक रिकामा होता. त्यांनी कापलं, पुन्हा लावलं. मुलगी होतीच, आता बाकाच्या अलीकडच्या टोकाला. चाळीस सेकंदांचा शॉट, पाच मिनिटं झाली तरी संपेना. शेवाळाचा वास सुटला. शॉट मुका होता, तरी स्पीकरमधून लाकडावर पाणी ठिबकत होतं... टप... टप...

"बंद करा..."

"का? ती आली नाही म्हणून चाळीस वर्षं गावभर सांगत सुटलात ना? आता बघा. माझी ताई आहे ती."

कप खाली पडून फुटला. "तुम्ही... तिची धाकटी? अहो, मला बाबांनी कोंडून ठेवलं होतं..."

"खोटं! त्या संध्याकाळी आमच्या कोपऱ्यावर पत्ते कुटत बसला होतात. मी पाहिलंय."

पडद्यावरची मुलगी हळूहळू मान वळवू लागली. तो उठला, दारावर आपटला आणि पळत सुटला.

साडेपाचला त्याच्या बायकोचा फोन आला.

"तिकडे काय झालं हो? आल्यापासून हे बाथरूममध्ये कोंडून बसलेत. आणि घराच्या दाराबाहेर कुणी मुलगी आहे... म्हणते, ते बाहेर येईपर्यंत थांबते. भिजलीय बहुतेक. घेऊ का आत?"

बाईंनी दात आवळले. "घ्या ना. फार वर्षं ताटकळलीय ती."

पलीकडे कडी निघाली. मग बायको कुजबुजली, "अहो... हिच्या अंगावर आमची लेक आज घालून गेली तो ड्रेस कसा? लेक तर अजून क्लासवरून आली नाही..."