ही गाडी खेळण्यातली आहे

त्या दिवशी मी नूडलच्या गाड्यावर फक्त सिगारेटच्या पाकिटातली चांदी मागायला गेलो होतो. मी ओढत नाही. पण त्या चांदीचे माझ्या मॉडेलच्या गाड्यांना आरसे फार छान होतात. चोवीस पटीनं लहान गाडीचा बाहेरचा आरसा म्हणजे साधारण मसुराची अर्धी डाळ. दिवसभर मी गॅरेजमध्ये खऱ्या गाड्यांना रंग मारतो आणि घरी येऊन लहान गाड्यांना मारतो. लोक विचारतात, कंटाळा येत नाही का. लहान गाडीचा मालक येऊन ओरडत नाही, असं मी सांगायचो. तेव्हा तसंच वाटायचं.

गाड्यापाशी लामुन मावशी बसल्या होत्या. पुढ्यातलं नूडल तसंच होतं.

"जिऊ, बाळा, तू त्या लहान गाड्या अजून करतोस?"

"करतो."

"आमच्या विटची करशील?"

विट म्हणजे त्यांचा मुलगा. चार महिन्यांपूर्वी उसाच्या वळणावर त्याची पांढरी गाडी झाडावर गेली. त्या वळणावर खांबावरचं एक छोटं देवघर आहे, तिथं गेलेल्यांच्या आत्म्यांसाठी. भोवती रस्ता सुखरूप पार व्हावा म्हणून वाहिलेले सिमेंटचे झेब्रे, नळी घातलेल्या लाल सरबताच्या बाटल्या आणि लोकांनी वाहिलेल्या खेळण्यातल्या गाड्या.

"मी दुकानातली एक ठेवली होती त्याच्यासाठी," मावशी म्हणाल्या. "तर स्वप्नात येऊन चिडला माझ्यावर. आई, हिची दारं उघडत नाहीत, मी आत बसू कसा, म्हणाला."

एरवी मी हसलो असतो. पण विट गेल्यापासून त्या वळणावर दोन पांढऱ्या गाड्या उसात गेल्या होत्या. दोन्ही ड्रायव्हर वाचले आणि दोघांनी एकच सांगितलं. मागची सीट खचते. जळक्या साखरेचा वास येतो. मग कानाशी कुणीतरी अगदी अदबीनं विचारतं, "माफ करा, ही माझी गाडी आहे का?" त्यावर माणूस मागं वळून बघतो. आणि त्या वळणावर मागं वळून बघितलं की संपलं.

माझी धाकटी बहीण पिम साखर कारखान्याच्या ऑफिसात आहे. त्याच वळणावरून रोज जाते, रोज येते. तिची गाडी पांढरी आहे. घरात आम्ही दोघंच.

"करतो," मी म्हटलं.

पिमसाठी मी तोवर एक इलाज करून ठेवलाच होता. आमच्याकडे ज्योतिषी सांगतो, तुझ्या जन्मवाराला पांढरी गाडी चालत नाही. आता गाडी तर घेऊन झालेली असते. मग मागच्या काचेवर स्टिकर लावायचा: 'ही गाडी काळी आहे.' वाईट काळ मागं लागतो, वाचतो, चुकलो म्हणतो आणि पुढं जातो. आमच्या गॅरेजच्या मालकाचा हिरवा ट्रक गेली नऊ वर्षं पिवळा आहे आणि त्याला ओरखडा नाही. तर दुसऱ्या अपघातानंतर मी पिमच्या गाडीसाठी स्वतः एक स्टिकर छापला: 'ही गाडी खेळण्यातली आहे.' विट खेळण्यात कशाला बसेल, असा माझा विचार. थोडी मस्करीही होती, नाही म्हणत नाही.

"कारखान्यात सगळे हसतात, दादा," पिम म्हणाली. "वॉचमन विचारत होता, सेलवर चालते का."

"हसू देत. काढू नकोस."

तिनं काढला नाही. ती पण घाबरलेली होती.

विटची गाडी करायला तीन आठवडे लागले. पांढऱ्या रंगाचे सात पातळ थर दिले, प्रत्येक थर पाण्याखाली घासून. त्याच्या गाडीच्या डाव्या दारावर होता तसा पोचा तापलेल्या चमच्याच्या पाठीनं उमटवला. आतल्या आरशाला दोऱ्याची इवलीशी फुलमाळ. सीटचे पट्टे कागदी टेपचे, बकल चांदीचे. पट्टे सीटवर सैल सोडले, कारण विट कधी लावायचा नाही. दारांना तांब्याच्या तारेच्या बिजागऱ्या. प्रत्येक दार चाळीस वेळा उघडून मिटवून बघितलं.

एकच गोष्ट जमत नव्हती. ड्रायव्हरच्या सीटला रात्री रंग मारावा तर सकाळी त्यावर खळगा. कुणी बसून उठावं तसा. तीनदा भरला, तीनदा पडला. चौथ्यांदा मी म्हटलं, असू दे, खरी सीटही अशीच दिसते.

ज्या दिवशी गाडी वळणावर नेली, त्या दिवशी शेतकऱ्यांनी तोडणीआधीचा ऊस पेटवला होता. पाच वाजायच्या आतच आभाळ तपकिरी झालं होतं. काळी राख आवाज न करता पडत होती, झेब्र्यांच्या पाठीवर, मावशींच्या केसांत. सूर्य होता कुठंतरी, मंद, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. जळक्या साखरेचा वास तर होताच. त्या दिवसांत सगळीकडंच असतो, त्यामुळं तो कशाचा आहे ते कळायला मार्ग नव्हता.

मी गाडी देवघरात ठेवली. मावशींनी चिकट भात ठेवला, सरबत ठेवलं, उदबत्ती लावली आणि हात जोडून हळू आवाजात बोलायला लागल्या.

"विट, बाळा, ये. तुझी गाडी आलीय. जिऊनं केलीय, दारं उघडतात. रस्त्यावरच्या गाड्यांना आता त्रास देऊ नकोस. त्या खऱ्या, त्या दुसऱ्यांच्या. खेळण्यातली जी आहे ना, ती तुझी. खेळण्यातली बघ, तिच्यात बस, आणि जा."

मी मान डोलवत होतो. डोलवता डोलवता थांबलो.

"मावशी," मी म्हटलं, "खेळण्यातली म्हणू नका. लहान म्हणा."

"का रे?"

"वीतभर लांब म्हणा... देवघरातली म्हणा... काहीही म्हणा, पण परत सांगा त्याला."

पिम पाचला सुटते. पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

सरळ वर जाणारा उदबत्तीचा धूर एकदम आडवा झाला आणि रस्त्याकडं गेला. वारा नव्हता. राख सरळ खाली पडत होती.

मग धुरातून दोन पिवळे दिवे आले. पिमची गाडी. फार हळू येत होती आणि मागच्या बाजूनं बसली होती, डिकीत साखरेची पोती भरावीत तशी. मॉडेलवाल्याला पहिली हीच गोष्ट दिसते, गाडी जमिनीपासून किती वर आहे ती. मागची चाकं जवळजवळ पत्र्याला लागत होती.

गाडी आमच्यासमोर थांबली. पिमचे दोन्ही हात स्टीअरिंगवर. नजर समोर.

"दादा..." ती पुटपुटली. "मागं बघू का?"

"नको."

"तो काही विचारत नाहीये... म्हणतो, माझीच आहे... म्हणतो, मागं लिहिलंय..."

माझ्या खिशात बारीक सुरी असतेच. मी स्टिकर खरवडायला लागलो. पट्ट्या पट्ट्या निघत गेल्या. शेवटचं अक्षर निघालं तरी गाडी वर उठली नाही. मागच्या काचेवर आतून वाफ धरली होती, एकाच जागी, डोक्याच्या उंचीवर.

मावशी काचेशी वाकल्या. "विट. उतर, बाळा. पोरीला घरी जायचंय."

आतून आवाज आला. अदबशीर, थोडा झोपाळू. "इथं बरं आहे, आई. पाय पसरता येतात."

मी देवघरातून मॉडेल काढलं, पिमच्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि रिकाम्या सीटसमोर मॉडेल धरलं. नखानं त्याचं ड्रायव्हरचं दार उघडलं.

"विट, ही बघ," मी म्हटलं. "पोचा बघ. गॅसच्या टाकीला घासलेलास तो. ती दुसऱ्याची आहे रे, ही तुझी आहे."

राख पडत राहिली.

"रंग चांगला आलाय," आवाज म्हणाला.

"सात थर."

"...एकटाच जाऊ?"

मावशी रडत होत्या. हात जोडून म्हणाल्या, "हवं त्याला घे सोबतीला, बाळा. पण जा आता."

पिमनं एक श्वास सोडला. लांब. मला वाटलं, सुटकेचा.

गाडी हलकेच वर आली. आणि माझ्या हातातलं मॉडेल, चहाच्या कपाएवढ्या वजनाचं, इतकं जड झालं की मनगट खाली गेलं. दार मिटल्याचा बारीक आवाज आला. मग दुसरा, तसाच. मी दोन्ही हातांनी ते देवघरात ठेवलं तेव्हा फळी करकरली.

त्यानंतर वळणावर कुणाची गाडी उसात गेली नाही. लोक मला पपया आणून देतात. पिम रोज कामावर जाते, जेवते, झोपते. आधीपेक्षा कमी बोलते, पण ऑफिसात कामही वाढलंय.

आठव्या दिवशी दुपारी मी भिंग घेऊन देवघरापाशी गेलो. पिमला सांगितलं नव्हतं. मॉडेल उचलवेना, दारंही उघडेनात, जोर लावला तरी. टेपचे दोन्ही पट्टे लागलेले होते. ड्रायव्हरच्या सीटवर खळगा होता. शेजारच्या सीटवरही होता, थोडा लहान. मी भिंग काचेला टेकवलं आणि बराच वेळ डोळा लावून बघितलं. आत कुणी नव्हतं.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. पिम पपईच्या कोशिंबिरीतली मिरची बाजूला काढत होती.

"दादा," ती वर न बघता म्हणाली, "दुपारी असा काचेला डोळा लावू नकोस रे. केवढा मोठा दिसतो. घाबरायला होतं."

ती दुपारी कारखान्यात होती. हजेरीवर तिचा अंगठा आहे, मी नंतर विचारून आलो.

मी विचारलं, "आत... उकडतं का?"

तिनं थोडा विचार केला.

"नाही. विटदादा काच खाली करतो."

आणि मिरची काढत राहिली. त्या गाडीच्या चारही काचा मी करतानाच गोंदानं चिकटवल्यात.