उसना श्वास

तिनं चुकीचं दार उघडलं, म्हणून तिला तो दिसला.

आत एक उंच माणूस पायांत नुसते मोजे घालून, गुडघे टेकून बसला होता आणि दोन्ही हातांनी एका कोबीचा गळा आवळत होता. कोबी करकरत होता. माईक त्याच्या इतका जवळ आणून ठेवला होता, की जणू त्याला शेवटची इच्छा विचारायची आहे.

“अगं बाई — माफ करा!” ती म्हणाली, आणि मग तिला दारावरचा लाल दिवा दिसला. तो आत शिरण्याआधी बघायचा असतो.

माणसानं मान वळवली. रागावलेला दिसला नाही, नुसता हळहळला. “गेला. इतका छान मेला होता बिचारा. आता परत मारावा लागेल.”

“कोबीला?”

“पहारेकऱ्याला. ही त्याची मान आहे.” त्यानं कोबी वर करून दाखवला. “तुम्ही भाषा तपासायला आलात ना? समोरची खोली. आणि जाताना दार हळू लावा, नाहीतर तेही रेकॉर्ड होईल.”

तिनं दार हळू लावलं. बाहेर आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण हसतोय. गेल्या थंडीपासून हे जरा विसरल्यासारखंच झालं होतं.

काम साधं होतं. ‘शवनगरी’ नावाच्या व्हिडिओ खेळाचा सहावा भाग तयार होत होता. त्यातल्या पात्रांची वाक्यं बोलताना अडखळत नाहीत ना, एवढं बघायचं. ‘शवनगरी’चे चित्रपट झाले होते, मालिका झाल्या होत्या, चहाच्या कपांवर सडकी तोंडं छापून झाली होती. पाच भागांत पृथ्वी खाऊन संपल्यामुळे सहाव्यात मढी अंतराळयानात शिरली होती. ती एका प्रकाशन संस्थेत संपादक होती, घरभर पुस्तकं होती, आणि असल्या गोष्टींशी तिचं कधी पटलं नव्हतं. तरीही तिनं हो म्हटलं होतं. का, ते तिनं आईलासुद्धा सांगितलं नाही.

बाबा याच स्टुडिओत यायचे. नोकरीतून मोकळे झाल्यावर कितीतरी वर्षं त्यांनी अंधांसाठी इथे पुस्तकं वाचली. थंडीत ते गेले. ती पुस्तकं घरी होती. एकदा धीर करून तिनं एक ऐकायला घेतलं आणि पानभरातच बंद केलं. आवाज बाबांचाच होता... पण बाबा त्यात नव्हते. असं कसं, ते तिला उमगत नव्हतं. म्हणून एकदा, फक्त एकदा, ते जिथे वाचायचे त्या काचेच्या खोलीत बसून बघायचं होतं.

बसलीही. खोलीत खुर्ची, टेबल आणि माईक होता. बाकी काही नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे जिन्यात बसायचे. खेळासाठी आवाज तयार करणारा तो कोबीवाला नेमका तिच्या खालच्या पायरीवर बसायचा, म्हणजे बोलताना मान वर करून बघावं लागे. त्याचं त्याला काही वाटत नसावं.

“एक विचारू?” ती म्हणाली. “मेलेल्याला श्वास कशाला लागतो?”

“त्याला नाही लागत. खेळणाऱ्याला लागतो. मागून कोण येतंय, ते कळायला नको?”

“आणि यानाच्या बाहेर? तिथे हवाच नाही. तिथे यांची घुरघुर कशी ऐकू येते?”

“तिथे शांतता ठेवली, तर माझा पगार कोण देईल?”

“बरं, सहा भाग झाले. यांचे कपडे अजून अंगावर कसे? माझा कुर्ता चारदा धुतला की शिवण उसवते.”

“शवनगरीचा शिंपी चांगला आहे. पत्ता देऊ?” त्यानं डबा बंद केला. “तुम्ही फार शंका काढता हो, शंकाबाई.”

“आणि तुम्ही भाजीचे खून पाडता, कोबीवाले.”

नावं पडली ती पडलीच. दुसऱ्या दिवशी तिनं न विचारताच त्यानं तिला पाऊस दाखवला — पत्र्याच्या ताटात हळूहळू ओतलेले तांदूळ. डोळे मिटायला लावले आणि ताट तिच्या कानाशी कलतं केलं. खिडकीवरचा पाऊस... मग कौलांवरचा... मग कुणीतरी छत्री उघडल्यासारखा. तिनं डोळे उघडले तेव्हा तो ताटाकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता. दोघांनी घाईघाईनं तांदळाकडे पाहिलं.

“खरं सांगा,” ती एकदा म्हणाली, “आवडतात तुम्हाला ह्या गोष्टी?”

“मढी? छे. मला आतली माणसं आवडतात.” पहिल्यांदाच तो थट्टा न करता बोलला. “दार लावून बसलेली. बाहेर काहीही चाललेलं असो, आत कुणीतरी कुणासाठी अर्धा पाव राखून ठेवलेला असतो. आम्ही दोघं भाऊ लहानपणी तेवढ्यासाठी बघायचो. एरवी आमच्या घरात एकत्र बसायची पद्धत नव्हती.”

यावर शंका काढण्यासारखं तिला काही सापडलं नाही. थोड्या वेळानं ती म्हणाली, “मला एक मात्र पटत नाही. घरचा माणूस मरून परत येतो आणि घरच्यांना ओळखतच नाही. एवढं कसं विसरेल कुणी?”

तिचा सूर बदललेला त्यानं ऐकला. कानाचा धंदाच होता त्याचा. पण विचारलं नाही, आणि न विचारल्याबद्दल तिला तो आणखीच आवडला.

मग तो दिवस आला, ज्या दिवशी त्याला तिच्यावर छाप पाडायची होती.

“या, शंकाबाई. आमचा राक्षस कसा बनतो ते दाखवतो. हा सगळ्यात मोठा, शेवटच्या दाराआड असतो. खेळाच्या दिग्दर्शिकाबाईंचा एकदम लाडका.” त्यानं हेडफोन न देता मोठ्या स्पीकरवर लावलं. अंधाऱ्या विहिरीतून यावा तसा एक श्वास खोलीभर पसरला. लांब, जाड, ओढत आणलेला. तिच्या अंगावर काटा आला, आणि तो लहान मुलासारखा खूश झाला.

“कशाचा केला? बैलाचा?”

“माणसाचा! नुसता सावकाश केलाय. माझ्या आधीच्या रेकॉर्डिस्टनं जमवून ठेवलेत. तो इथे बोलकी पुस्तकं करायचा. वाचणारा मध्ये श्वास घेतो, घसा खाकरतो, ते सगळं कापून वाचन अगदी स्वच्छ करायची त्याची शिस्त. कापलेलं मात्र फेकायचा नाही. कधी कामाला येईल, म्हणून. सगळे एका जागी टाकलेत. कुणाचे, ते काही लिहिलेलं नाही. आता ऐका हं, मूळ कसा होता...”

त्यानं बटण दाबलं.

एक छोटा श्वास. नाकातून घेतलेला, आणि शेवटाला अगदी बारीक शीळ.

तरुणपणी सायकलवरून पडून बाबांचं नाक वाकडं झालं होतं. डावीकडून हवा जाताना शीळ वाजायची. लहानपणी अंथरुणात पडल्यापडल्या ती त्या शिळेची वाट बघायची. शीळ वाजली, की गोष्ट सुरू.

इथे गोष्ट सुरू झाली नाही. यंत्र थांबलं.

“परत लावा,” ती म्हणाली.

त्यानं लावला.

“हे माझे बाबा आहेत.”

तो हसण्याच्या बेतात होता. मग त्यानं तिचा चेहरा पाहिला.

“ते इथे वाचायचे,” ती म्हणाली. आवाज तिनं सरळ ठेवला होता. “गेल्या थंडीत गेले. आणि आता... लोक ह्याला गोळ्या घालणार. ना?”

“मला माहीत नव्हतं —”

“तुम्हाला कसं माहीत असणार?”

“मी काढतो. आत्ता काढतो.”

“तुमच्या दिग्दर्शिकाबाईंना तोच श्वास आवडलाय. उद्या खेळ पूर्ण करून पाठवायचाय.”

“त्यांना मी बघतो. तुम्ही बसा, पाणी आणतो —”

पण ती बसली नाही. घरापर्यंत चालत गेली आणि दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही. दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला तेव्हा तिनं मनाची तयारी केली.

“तुमच्या त्या मित्रानं माझा राक्षस घालवला हो!” बाई कडाडल्या. “मी नाही म्हटलं, तर म्हणाला, मग माझाही राजीनामा घ्या. वर दिवसभर स्वतःच धापा टाकत बसला, शेवटी चक्कर येऊन खुर्चीवरून घसरला. नवा राक्षस दमेकरी वाटतो!” मग जरा थांबून, हळू आवाजात, “काय झालं ते सांगितलं त्यानं. आधी कळलं असतं, तर मीच थांबवलं असतं, बाई. आणि... दमेकरी राक्षसाची जास्त भीती वाटते, ते वेगळं.”

रविवारी दाराची घंटा वाजली. आईनं दार उघडलं आणि आतमध्ये हाक मारली, “अगं, कुणीतरी उंच आलंय!”

तो लॅपटॉप छातीशी धरून उभा होता. आज पायांत बूट होते आणि त्या बुटांचं काय करावं, ते त्याला कळत नव्हतं.

“मी काहीतरी केलंय,” तो तिला म्हणाला. “न विचारता. चुकलं असेल तर पुसून टाकतो आणि जातो. त्यांच्या एका पुस्तकात... पहिल्या प्रकरणात... कापलेले श्वास परत लावलेत. शिळेवरून त्यांचे तेवढे वेचले, पण कुठला श्वास कुठल्या वाक्याआधीचा, ते कळायला मार्ग नाही. अंदाजानं लावलेत.”

ती काही बोलायच्या आत आई म्हणाली, “बसा. लावा.”

बारीक शीळ वाजली. मग बाबा वाचू लागले — बोटीवरच्या एका भित्र्या आचाऱ्याची गोष्ट. श्वास घेत, मध्येच घसा खाकरत, पान उलटायला थांबत. ते खोलीत आले. इतके दिवस त्या स्वच्छ आवाजात काय कमी होतं, ते तिला कळलं. तिनं आईकडे पाहिलं. आई बाबांच्या रिकाम्या खुर्चीवरची उशी सारखी करत होती. तिला स्वतःला ते ठाऊक नसावं.

“इथे चुकलं,” आई अचानक म्हणाली. “इथे ते थांबायचेच नाहीत. लांब वाक्य एका दमात म्हणायचे आणि मग माझ्याकडे बघायचे, जमलं ना म्हणून. घरी आधी मलाच वाचून दाखवायचे.”

त्यानं धडपडत लॅपटॉप पुढे ओढला. “मग हा श्वास कुठे?”

“तो मोठा आहे,” ती हसत म्हणाली. “तो विनोदाच्या आधीचा. पुढे आचारी समुद्रात पडतो ना, तिथे लावा.”

त्यानं लावला. आचारी समुद्रात पडला. आई खळखळून हसली, मग डोळे पुसत उठली. “चहा टाकते. मी येईपर्यंत पुढचं ऐकायचं नाही, सांगून ठेवते.”

खोलीत दोघंच उरली.

“राजीनामा देणार होतात?” तिनं विचारलं.

“भीती वाटली म्हणून बोलून गेलो. तुम्ही परत येणार नाही, ह्याची.” तो बुटांकडे बघत होता. “खेळ तर गेला आता. तुम्हाला स्टुडिओत यायचं काही कारण नाही.”

“तुमच्या मढ्यांवर माझा अजून विश्वास नाही हं.”

“नसू दे.”

“बाबा खरंच परत आले असते, तर आधी विचारलं असतं, गॅस बंद केलास का.” ती थांबली. “आणि मग विचारलं असतं, हा मुलगा कोण, जो आपल्यासाठी चक्कर येऊन पडला.”

“काय सांगितलं असतंस?”

‘सांगितलं असतंस.’ तो गोंधळला, सावरायला गेला, आणि तिनं सावरू दिलं नाही.

“सांगितलं असतं, की मी ह्याच्यासाठी रोज एक पायरी वर बसायचे. म्हणजे ह्यानं मान वर करून बघावं. आणि हा बघायचा.” मग ती म्हणाली, “मला तू आवडतोस. थंडीनंतर कुणी आवडेल, असं वाटलं नव्हतं मला.”

आवाजांवर पोट असलेल्या त्या माणसाला एक आवाज काढता येईना. मग त्यानं लॅपटॉप बाजूला ठेवला, आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला, अगदी जपून.

आई ट्रे घेऊन दाराशी आली. तिनं ते हात पाहिले.

“अगंबाई, साखर राहिली,” ती मोठ्यानं म्हणाली, आणि साखरेच्या भांड्यासकट ट्रे घेऊन परत स्वयंपाकघरात गेली.